ऱ्हाईनला निघालेले काका

ऑस्ट्रेलियात तीस वर्षं राहून ज्याने एकदाही 'नो वरीज' म्हटलं नाही असा एकच माणूस मला माहीत आहे. ते माझे घरमालक होते. सिडनीच्या हॅरिस पार्कमध्ये, मिठाईच्या दुकानांची गल्ली संपते तिथे, विटांच्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये समोरासमोर त्यांचे दोन फ्लॅट. एकात ते आणि काकू राहायचे, दुसऱ्यात भाड्याने मी. दुकानात, बँकेत, बसमध्ये कुणी त्यांना 'नो वरीज, मेट' म्हणालं की काका जागच्या जागी थांबायचे, त्या माणसाकडे चष्म्यावरून बघायचे आणि बाहेर आल्यावर मला म्हणायचे, "ज्याला काळजी नाही त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. त्याने काही तपासलेलंच नसतं."

काकांनी आयुष्यभर तपासलं. शहराला जे पाणी जातं त्याचे नमुने तपासणाऱ्या लॅबमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. रिटायर झाले, पण नाक आणि जीभ काही रिटायर झाली नाही. महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते माझ्याकडे यायचे. भाडं बँकेतून परस्पर जायचं, त्यासाठी नाही. ते किचनमध्ये जाऊन नळ सोडायचे, पाणी जरा वाहू द्यायचे, काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरायचे, हुंगायचे, मग एक घोट जिभेवर घोळवायचे. तोवर मी बाजूला उभी. "ठीक आहे," असं ते म्हणाले की का कुणास ठाऊक, मलाच परीक्षेत पास झाल्यासारखं वाटायचं. एकदा दुसऱ्या शहरातून, वेरिबीहून, माझी मैत्रीण आली होती. तिने हा प्रकार बघितला आणि ते गेल्यावर मला म्हणाली, "माझा लँडलॉर्ड भिंतीवरचे खिळे मोजतो, तुझा पाणी चाखतो. तुझं बरंय."

बरं होतंच. पण त्रासही कमी नव्हता. मी ऑफिसला निघाले, ट्रेनमध्ये बसले, की हमखास त्यांचा मेसेज यायचा: गॅस बंद आहे ना? मी 'हो' लिहायचे. मग: बघून 'हो' म्हणतेस की आठवून? आता ट्रेनमध्ये बसून मी काय बघणार, डोंबल. एअरपोर्टवर कुणाला आणायला जायचं असलं तर आदल्या दिवशी ते रिकामी गाडी घेऊन तिथपर्यंत जाऊन यायचे, रस्ता जागेवर आहे ना ते बघायला. "धोका कशाला?" हे त्यांचं पेटंट वाक्य. या वाक्यापुढे वाद संपायचा.

आणि अशा माणसाचा मुलगा वाइन करायला गेला.

हे बिल्डिंगमधल्या सगळ्या मराठी घरांना माहीत होतं. आपल्याला माहीत आहे हे काकांना कळू द्यायचं नाही, एवढं प्रत्येकाने सांभाळायचं. मुलगा इथेच वाढला, इथल्या युनिमधून केमिकल इंजिनिअर झाला, चांगल्या नोकरीला लागला आणि एका सुट्टीत युरोपात फिरायला गेला तो तिथेच राहिला. ऱ्हाईन नदीला येऊन मिळणाऱ्या एका छोट्या नदीच्या खोऱ्यात, डोंगरउतारावर द्राक्षं लावणाऱ्या गावात. आधी तोडणीला मजूर म्हणून, मग तिथल्याच मुलीशी लग्न करून. काकू लग्नाला एकट्या जाऊन आल्या. काका गेले नाहीत. त्याआधी फोनवर ते मुलाला म्हणाले होते, "लोकांना स्वच्छ पाणी मिळावं म्हणून बाप राबला आणि तू दारू गाळायला गेलास." त्यावर तिकडून पोरगं इंग्लिशमध्ये म्हणालं, "देन डोन्ट कॉल, बाबा."

झालं. रागाच्या भरात बोललेलं वाक्य दुसरा कुणी विसरला असता. काकांनी ते सूचनेसारखं पाळलं. बापाने फोन केला नाही आणि मुलगा बापाच्या फोनची वाट बघत बसला. अशी कित्येक वर्षं गेली.

काकू मात्र रोज आर्वोला, म्हणजे दुपारी चारच्या सुमाराला मी लवकरच्या शिफ्टवरून परतले की, चहा घ्यायला म्हणून माझ्याकडे यायच्या आणि माझ्या किचनमधून मुलाला व्हिडिओ कॉल करायच्या. तिकडे तेव्हा सकाळ असायची. बरोबर त्याच वेळी काका फिरायला बाहेर पडायचे. पाऊस असो, ऊन असो, चार म्हणजे चार. कॉल संपला की परत. मी एकदा काकूंना विचारलं, "काकांना माहितीये ना?" त्या म्हणाल्या, "न माहीत असायला काय झालंय? एकदा मला सर्दी झाली होती, मी आले नाही तुझ्याकडे. तर मला म्हणतात कसे, आज चहाला जायचं नाही का? मला फिरायला उशीर होतोय."

तर एके दिवशी हेच काका माझ्याकडे एक गुळगुळीत कागदाचं ब्रोशर घेऊन आले. ऱ्हाईन नदीवरची आठवडाभराची बोट. फोटोत टोप्या घातलेली गोरी म्हातारी जोडपी डेकवर आरामखुर्चीत पडलेली, हातात वाइनचे ग्लास, मागे डोंगरावर किल्ले आणि पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेल्या द्राक्षांच्या बागा. आरामात चला, घाई कसली, अशा अर्थाचं काहीतरी वर लिहिलेलं. हा माणूस ट्रेनमध्येसुद्धा सीटच्या कडेवर बसायचा. मी ब्रोशरकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"तू कॉम्प्युटरवाली आहेस," ते म्हणाले. "दोन तिकिटं काढून दे. काकूला नदी बघायचीये."

काकूंना नदी बघायची नव्हती हे मला पक्कं ठाऊक होतं. मी बुकिंग करायला बसले तर काका शेजारी खुर्ची ओढून बसले. अशा बोटी पुष्कळ होत्या, पण त्यांना हीच हवी होती. का, तर ही एका छोट्या गावाच्या धक्क्याला अर्धा दिवस थांबते, बाकीच्या तिथे थांबत नाहीत. "तिथून," काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आत खोऱ्यात जायला बस आहे म्हणतात. समजा कुणाला जायचंच असेल, तर तेवढ्या वेळात माणूस जाऊन येऊ शकेल का?"

"काका, सरळ विमानाने जा ना त्याच्याकडे."

"कुणाकडे?" असं त्यांनी विचारलं. मग तेच म्हणाले, "मला काय काम आहे तिकडे? मी नदीवरून चाललोय. बोट थांबली तर थांबली."

तेव्हा मला तो बेत कळला. विमानाने गेलं तर आपण गेलो असं होतं. बोटीने गेलं तर बोट गेली, आपण नुसते आत बसलेले. शिवाय आठवडाभर हळूहळू जवळ जायचं, म्हणजे मनाची तयारी करायला वेळ मिळतो. मला हसू आलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा हा माणूस एक पाऊल टाकत होता आणि त्यासाठी त्याला अख्खी नदी लागत होती.

मग तयारी सुरू झाली. तयारीशिवाय काका शेजारच्या खोलीतही जात नसत. आधी परमाटाच्या फेरीबोटीने सर्क्युलर कीच्या धक्क्यापर्यंत जाऊन यायचं ठरलं, नदीवर बसून नक्की काय करायचं असतं ते बघायला. मी, काकू आणि ते. काकांनी मळमळीची गोळी घेतली, लाइफ जॅकेटं कुठे आहेत ते बघून ठेवलं, आणि दोर सोडणाऱ्या पोऱ्याला विचारलं, "इथे खोली किती?" तो म्हणाला, "नो वरीज, मेट." संपूर्ण प्रवासभर काका कठडा धरून उभे होते. उतरल्यावर म्हणाले, "लोक यात काय एन्जॉय करतात? बघायला काही नाही, करायला काही नाही. नुसते आपले विचार." काकू म्हणाल्या, "अहो, त्यालाच सुट्टी म्हणतात."

दुसरी तयारी वाइनची. काकांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. एका रविवारी सकाळी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर त्याच भागातली पांढऱ्या वाइनची बाटली, शेजारी स्टीलची वाटी आणि चहाचा चमचा. आधी त्यांनी वाटीत पीएचची पट्टी बुडवली, रंग बघितला, "तीनच्या आसपास. दात जातील," असं म्हणाले. मग चमचाभर वाइन डोळे मिटून तोंडात टाकली. चेहरा असा झाला की काकूंनी पाण्याचं भांडं पुढे केलं. काकांनी ते घेतलं नाही. दुसरा चमचा घेतला. मग तिसरा.

"कशाला हा छळ?" मी विचारलं.

"उद्या तिकडे कुणी कौतुकाने पुढे केली, तर तोंड वाकडं व्हायला नको," काका म्हणाले. "सवय पाहिजे." आणि दर रविवारी, औषधासारखी, त्यांनी ती सवय केली.

मग ते वर्ष उजाडलं. मार्चपर्यंत बातम्यांत जहाज म्हटलं की आजार असंच समीकरण झालं होतं. टॉयलेट पेपरसाठी दुकानांत मारामाऱ्या, आमचं ऑफिस घरून, विमानं एकामागून एक बंद. बोट मे महिन्यातली होती. काका दिवसातून चारदा दार वाजवायचे. "मेल आला का त्यांचा?" नाही आला. "आता?" आत्ताच तर बघितलं, काका. मास्कच्या वर त्यांचे नुसते डोळे दिसायचे आणि ते डोळे बघवत नसत.

पाडव्याच्या सकाळी ते नवी धोतर-टोपी नाही, पण इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात उभे. हातात कापडी पिशवी. मागे काकू, कपाळाला हात लावून.

"प्रस्थान ठेवायचंय," काका म्हणाले.

मी ते फक्त माझ्या आजोबांकडून ऐकलेलं. पूर्वी प्रवासाला निघायच्या दिवशी मुहूर्त चांगला नसला, की आधीच्या चांगल्या मुहूर्तावर आपलं थोडं सामान घराबाहेर, दुसऱ्या कुणाच्या घरी नेऊन ठेवायचे. म्हणजे प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरायचं. माणूस मागाहून जातो. एकदा ठेवलेलं प्रस्थान परत घरात आणायचं नाही, ते घेऊन तिथूनच पुढे निघायचं.

"पण हे घर तुमचंच आहे," मी म्हटलं.

"भाड्याने दिलं की दुसऱ्याचं झालं," काका म्हणाले.  फोनवरच्या होकायंत्रात बघून त्यांनी युरोपची म्हणून वायव्य दिशा काढली. त्या कोपऱ्यात माझं वर्क फ्रॉम होमचं टेबल. टेबलाखाली, राउटरच्या शेजारी पिशवी विराजमान झाली. आत काय आहे तेही त्यांनी मला दाखवलं: पंचा, लोकरीचे मोजे, पाण्याची स्टीलची बाटली आणि पुरचुंडीत तांदूळ, सुपारी, हळकुंड. "राउटरला हात लागला तर चालेल," ते म्हणाले, "याला नको."

"अहो, प्रस्थान फार तर आठ-दहा दिवस चालतं. मे महिना कुठे, पाडवा कुठे," काकू म्हणाल्या.

"साडेतीन मुहूर्तांतला एक आहे. याला मुदत नसते."

"आणि तुम्ही कधीपासून मानायला लागलात हे?"

"मानत नाही," काका म्हणाले. "पण धोका कशाला?"

त्याच दिवशी बातमी पक्की झाली की कुणालाही देशाबाहेर जाता येणार नाही. मला वाटलं काका कोसळतील. ते शांतपणे म्हणाले, "ते जे आज निघणार त्यांच्यासाठी. मी सकाळीच निघालोय."

पुढे बोटवाल्यांनी तारीख एक वर्ष पुढे ढकलली. मग आणखी एक वर्ष. पिशवी माझ्या टेबलाखालीच. मी मीटिंगमध्ये बोलत असायचे आणि पायाला निघालेला प्रवास लागायचा. तांदळात पोरकिडे झाले, ते माझ्या कीबोर्डपर्यंत आले. काका अधूनमधून नवे तांदूळ घेऊन यायचे, दारातून हात लांब करून मला द्यायचे आणि पुरचुंडी कशी बांधायची ते जिन्यावरून सांगायचे. मी चिडायचे, नाही असं नाही. एकदा म्हटलंसुद्धा, "काका, घरात पाय ठेवायला जागा नाही आणि मी तुमची ऱ्हाईन सांभाळतेय." ते नुसते पिशवीकडे बघत राहिले, आणि मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण मधल्या काळात माझे आईबाबा पुण्यात दोघंही आजारी पडले होते. मी इथे, फोनला चिकटलेली. जाता येत नव्हतं, गेलं तर परत येता येत नव्हतं. त्या दिवसांत काका रोज सकाळी दार वाजवून एकच प्रश्न विचारायचे: "ऑक्सिजन किती?" मी आकडा सांगायचे. बाबांचा, मग आईचा. ते मान हलवायचे. "कालच्यापेक्षा एकने जास्त. ठीक आहे." बाकीचे लोक मला सांगायचे, सगळं छान होईल, पॉझिटिव्ह राहा. काका तसलं काही म्हणाले नाहीत. ते माझ्याबरोबर काळजी करायचे, आणि त्याने माझा भार खरंच हलका व्हायचा. आईबाबा बरे झाले त्या दिवशी मी काकांच्या दाराबाहेर उभी राहून रडले. ते आतून म्हणाले, "आता झोप नीट."

दुसऱ्या वर्षी जून संपता संपता सिडनी परत बंद झालं. कुणी कुणाच्या घरी जायचं नाही. काकूंचा चहाही बंद झाला. मग त्या जिन्याच्या मधल्या जागेत प्लास्टिकचं स्टूल टाकून मुलाशी बोलायच्या, माझ्या दारातून चहाचा कप घेऊन. काका व्यायामाच्या नावाखाली बिल्डिंगला फेऱ्या मारायचे.

जुलैतल्या एका दुपारी काकूंनी कॉल लावला, लागला नाही. परत लावला. "द्राक्षांत गेला असेल," त्या म्हणाल्या. इतक्यात काका जिन्यावरून धापा टाकत वर आले. फिरायच्या वेळेत ते वर येत नसत. मास्क हनुवटीवर. हातातला फोन त्यांनी माझ्यापुढे धरला. बातमीत चॉकलेटी पाणी, पाण्यात फिरणाऱ्या गाड्या, अर्धी घरं. तिकडे रात्रभर पाऊस झाला होता आणि ती छोटी नदी डोंगरातून खाली सुटली होती.

"गावाचं नाव सांगत नाहीयेत," मी म्हटलं. "दुसरं असेल."

"तो पूल आहे ना, तो त्यांच्या गावाचा," काका म्हणाले. "पुलानंतर बेकरी, मग चर्च, चर्चवरून डावीकडे. चौथं घर. नदीपासून फार तर दीडशे पावलं." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्या गावात त्या राहून आल्या होत्या, आणि इतकं त्यांनाही सांगता आलं नसतं. मी म्हटलं होतं ना, तयारीशिवाय काका कुठे जात नसत. बोटीच्या धक्क्यापासून त्या दारापर्यंतचा रस्ता दीड वर्ष ते नकाशावर रोज चालले होते.

"पूल गेलाय," काका म्हणाले.

त्या दिवशी फोन लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सुनेचा नाही, शेजाऱ्यांचा नाही. मी हेल्पलाइनवर नावं दिली, जर्मनमधले मेल मशीनवर भाषांतर करून वाचले. काकू देवापुढून उठेनात. आणि काका माझ्या दारात आले.

"ती पिशवी दे," ते म्हणाले.

मी दिली. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली. घरात नेता येत नव्हती, कारण प्रस्थान परत आणायचं नसतं. घेऊन पुढे जाता येत नव्हतं, कारण आम्हाला दहा किलोमीटरच्या पलीकडे जायची परवानगी नव्हती. मग ते तिथेच पायरीवर बसले, मांडीवर पिशवी घेऊन.

"मी निघालो म्हणून ठेवलं आणि निघालोच नाही," ते म्हणाले. "दीड वर्ष. असं करायचं नसतं. अर्ध्यावर लटकत ठेवलं सगळं. बोट काय, मुहूर्त काय. सरळ फोन उचलायचा होता."

"काका, तुमच्या पिशवीने पूर येतो का? तुम्ही सायन्सवाले."

"माहितीये मला," ते म्हणाले. "सगळं माहितीये."

काकूंनी आतून हाक मारली, "अहो, घरात या." ते उठले नाहीत. मी माझ्या दारात जमिनीवर बसले. खालच्या मजल्यावरचा पंजाबी मुलगा डिलिव्हरीची बॅग घेऊन वर आला, त्याने आमच्याकडे बघितलं, "सब ठीक, अंकल?" म्हणाला. काकांनी त्याला नीट उत्तर दिलं: "नहीं बेटा. बेटे का फोन नहीं लग रहा." एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून स्वतःच्या मुलाचा उल्लेख मी पहिल्यांदा ऐकला.

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला काकूंचा फोन वाजला. अनोळखी नंबर. त्या पळत बाहेर आल्या, स्पीकर लावला, आणि खरखरीतून आवाज आला, "आई? आई, वी आर ओके. दोघंही. वरच्या मजल्यावर होतो. फोन गेला, सगळं गेलं, पण वी आर ओके."

काकू मटकन स्टुलावर बसल्या. फोन हातातून निसटायला लागला तो काकांनी धरला. 

"पाणी कुठलं पितोयस?" काका म्हणाले.

तिकडून मग अगदी हळू, "बाबा?"

"पाणी कुठलं पितोयस ते सांग."

"लोकांनी बाटल्या आणून दिल्यात. अँड विहीर आहे मागे, ती वर आहे, ती ओके दिसतेय."

"दिसतेय म्हणजे काय? नमुना घेतलास? पुरात गटारं फुटतात, तेल वाहून येतं. विहिरीला हात लावायचा नाही. बाटलीतलं संपलं तर उकळून. उकळलं म्हणजे खळखळून. तिलाही सांग. दात घासायलासुद्धा नाही. कळलं?"

"हो, बाबा," मुलगा म्हणाला. मराठीत. आणि मग तो तिकडे हुंदके देऊन रडायला लागला, आणि इकडे काका फोन कानाला लावून, "खळखळून, बरं का, खळखळून," एवढंच म्हणत राहिले.

त्यानंतर रोज बोलणं व्हायला लागलं. पिशवी पुन्हा माझ्या टेबलाखाली गेली. चार वाजता काका फिरायला जाईनात, स्टुलावर त्यांचीच पाळी आधी. क्लोरीनचा डोस किती, टाकी कशी धुवायची, नमुना कुठे पाठवायचा. काकू वाट बघून कंटाळायच्या. एकदा मुलगा म्हणाला की तळघरातली सगळी पिंपं वाहून गेली, त्या वर्षीची, आधीच्या वर्षीची, सगळी. काका मग म्हणाले, "वेली राहिल्यात ना? मग होईल." मला वाटलं, सुटलं एकदाचं.

पण नाही. ऑक्टोबरात त्या गावच्या नळाला स्वच्छ पाणी आलं. रिपोर्ट मुलाने पाठवला, काकांनी तो दोनदा वाचला, ठीक आहे म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी दोघांना बोलायला विषयच राहिला नाही. "पाणी ठीक?" "ठीक." "बरं." तिसऱ्या दिवशी काकांनी फोन काकूंकडे दिला. आठवड्याभराने ते परत चारला फिरायला जायला लागले. काकू मला म्हणाल्या, "पूर आला तेव्हा बापलेक झाले होते, ओसरला तसे परत दोन गावचे दोघं." मी हसले नाही. मला धास्तीच वाटली की आता पुन्हा तेवढीच वर्षं जातात की काय.

नोव्हेंबरात देशाबाहेर जायची बंदी उठली. बोटवाल्यांचा मेल आला: पुढच्या मे महिन्यात तुमची जागा पक्की, वसंत ऋतू, नवी पालवी, डेकवर संगीत. मी तो घेऊन काकांकडे गेले. ते खिडकीशी उभे होते.

"रद्द कर ती," ते म्हणाले.

"अहो काका, दोन वर्षं थांबलात. आता सहा महिने."

"फार हळू जाते गं ती," काका म्हणाले. "विमानाचं बघ. पहिलं मिळेल ते."

"आत्ता तिकडे कडाक्याची थंडी. नदीवर बोटी नाहीत, वेलींना पान नाही. बघायला काही नसणार."

"मला काय पानं बघायचीत?"

डिसेंबरात मी त्यांना एअरपोर्टवर सोडलं. त्याआधी टेस्टचे रिपोर्ट त्यांनी इतक्यांदा तपासले की कागद मऊ पडला. पिशवी त्यांनी माझ्या टेबलाखालून उचलली, तांदूळ गॅलरीत कबुतरांना टाकले आणि घराकडे वळूनही न बघता जिना उतरले. रस्ता बघायला आदल्या दिवशी जाऊन आले नव्हते, हे वाटेतल्या टनेलमध्ये माझ्या लक्षात आलं.  आत जाताना ते थांबले आणि मला म्हणाले, "काय बोलायचं असतं गं?"  मी म्हटलं, "काका, तुम्ही जा तर."

दोन दिवस मी फोन उशाशी घेऊन झोपले. कामात लक्ष नव्हतं. मग एका सकाळी ब्रश करताना काकूंचा व्हॉइस मेसेज आला. दबक्या आवाजात, मागे भांड्यांचा खुळखुळ.

"पोचलो गं. तो आला होता न्यायला, वाळलाय फार. गाडीत मी एकटीच बोलत होते. आता घरी आलोय. दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसलेत, केव्हापासून. अजून कुणी काही बोललेलं नाही. पण उठलंही नाही कुणी. मी आपला भात लावलाय."